टरफलातही रोजी आहे, थेंबातही अमानत आहे
लांज्याच्या कारखानदार आणि कारागीर बांधवांसाठी काटकसरीचा एक पाठ

लांजा तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. तरीही एप्रिल उजाडला की वाड्यावाड्यांतल्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपली जमीन जांभ्याची. ती पाणी पिते तशीच सोडूनही देते. पाणी पऱ्यातून नदीला आणि नदीतून समुद्राला जाऊन मिळते.

याच मार्च ते मे महिन्यांत आपला धंदा भरात असतो. काजूची बी तेव्हाच येते, आंबा तेव्हाच उतरतो. म्हणजे कारखान्याला पाण्याची गरज सर्वांत जास्त आणि गावाकडे पाणी सर्वांत कमी, असा हा पेच आहे. अशा वेळी कारखान्याची मोटर सुरू झाली की शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते. कारखान्याचे घाण पाणी पऱ्यात सोडले की खालच्या वाडीची विहीर नासते. त्यामुळे कचरा आणि पाणी हा विषय केवळ सरकारी कागदपत्रांचा नाही. तो आपल्या नफ्याचा, शेजाऱ्याच्या हक्काचा आणि अल्लाहपुढे द्यावयाच्या जाबाचा विषय आहे.

दीन काय सांगतो?

कुरआनने इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, स्पष्टपणे निषिद्ध ठरविली आहे. आपण ही गोष्ट लग्नाच्या जेवणावळीपुरती लक्षात ठेवतो आणि कारखान्याच्या दारात विसरतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाहत्या नदीकाठी बसून वुजू करणाऱ्यालाही पाणी उधळण्यास मनाई केली. स्वतः त्यांचा वुजू एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात होत असे. इबादतीसाठी जी मर्यादा आहे, ती धंद्यासाठी नसेल काय?

कारागिरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आणखी एक घटना हदीसच्या ग्रंथांत आली आहे. एक मेलेली बकरी टाकून दिलेली दिसली तेव्हा, हिचे कातडे काढून, कमावून त्याचा उपयोग का केला नाही, अशी विचारणा प्रेषितांनी (स.) केली. लोकांनी ती मेलेली असल्याचे सांगितले. त्यावर, मनाई तिचे मांस खाण्याची आहे, असा खुलासा त्यांनी केला. टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूत उपयोग शोधावा, हा धडा यातून मिळतो. शरीअतचा दुसरा मूलभूत नियम असा की, कोणी कोणाला अपाय करू नये. या दोन गोष्टी हाती धरल्या तर आजचा पाठ समजण्यास कठीण जाणार नाही.

पाठ पहिला : वजनाचा ताळेबंद

पैशाचा ताळेबंद आपण दिवाळीला किंवा मार्चअखेर करतो. मालाच्या वजनाचा ताळेबंद मात्र फारच थोडे लोक करतात. नियम साधा आहे. दारातून जितके किलो आत आले, तितके किलो कुठल्यातरी रूपात बाहेर गेलेच पाहिजेत. जे तयार माल म्हणून गेले नाही ते टरफल, भुसा, धूर, वाफ किंवा घाण पाणी होऊन गेले, आणि त्याचेही पैसे आपण मोजलेले आहेत.

आपल्या भागातील काजूचेच उदाहरण घेऊ. १०० किलो वाळलेली बी फोडली तर जातीनुसार साधारण २२ ते २८ किलो काजूगर मिळतो. ६५ ते ७० किलो टरफल निघते. वरची तांबूस फोलपटे दोन-तीन किलो निघतात. बाकीची घट ओलाव्याची आणि धुळीची असते. म्हणजे आपण शंभर किलोचे पैसे मोजतो आणि विक्रीला पाव हिस्सा ठेवतो. दिवसाला २०० किलो बी फोडणारा छोटा कारखाना वर्षात २५० दिवस चालला, तर तो ५० टन बी फोडतो आणि ३२ टनांहून जास्त टरफल तयार करतो. या ढिगाचे काय करायचे, हा प्रश्न काजूगराच्या भावाइतकाच मोठा आहे.

त्याआधी एक गोष्ट पाहा. सर्वांत महागडा कचरा टरफलाचा नसून मोडलेल्या गराचा असतो. बाजारात अखंड गराला जो भाव मिळतो तो पाकळीला मिळत नाही, आणि पाकळीचा भाव तुकड्याला मिळत नाही. डब्ल्यू-३२० या प्रतीचा अर्थ एका पौंडात सुमारे ३०० ते ३२० अखंड गर बसतात असा आहे. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. बी नीट वाळवली नाही, वाफ कमी-जास्त दिली, वाफवल्यावर पुरेशी थंड होऊ दिली नाही किंवा कटिंग मशीनचे पाते आकाराप्रमाणे बसवले नाही, तर गर मोडतो. त्यासाठी बी फोडण्यापूर्वी चाळणीने तिचे आकारवार भाग पाडावेत. रोज प्रत्येक मशीनवर किती अखंड व किती मोडका गर निघाला ते वहीत लिहावे. आठवडाभरात कोणत्या मशीनवर आणि कोणत्या वेळी नुकसान होते हे कळून येईल. या उपायाला वही आणि काटा यांपलीकडे खर्च नाही.

पाठ दुसरा : ढिगातला माल

टरफल : काजूच्या टरफलात वजनाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके तेल असते. हे तेल दाहक असते. हाताला लागले तर कातडी जळते, म्हणून बी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा खोबरेल लावतात. मालकाने हातमोजे पुरवावेत, हे त्याचे कर्तव्यच आहे. पण हेच तेल मोटारींच्या ब्रेक लायनिंगसाठी, रंग, वॉर्निश आणि रेझिनसाठी कारखान्यांना हवे असते. कोकणात लाकूड टिकावे म्हणून होड्यांना ते पूर्वापार लावले जाते. घाण्यातून तेल काढल्यावर उरलेली पेंड चांगले जळण ठरते.

पुष्कळ ठिकाणी मात्र टरफल तेलासकट भट्टीत घातले जाते. त्यामुळे झोंबणारा काळा धूर निघतो, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि आजूबाजूच्या घरांतील लोक खोकून हैराण होतात. असे जाळणे म्हणजे विकण्यासारखा माल जाळून वर शेजाऱ्याची बद्दुआ घेणे होय. एकट्या छोट्या कारखान्याला तेलाचा घाणा परवडत नाही, हे खरे आहे. पण पाच-सहा जणांनी शिरकतीत एक घाणा घातला तर तो वर्षभर चालू शकतो. व्याजाच्या कर्जात न अडकता भांडवल उभे करण्याचा हा हलाल मार्ग आहे. प्रत्येकाचे टरफल वजन करून घ्यावे, तेल विकले की वजनाच्या प्रमाणात वाटणी करावी आणि करार लेखी ठेवावा. घाणा होईपर्यंत टरफल कोरड्या शेडमध्ये ठेवून तेल गाळणाऱ्यांना विकावे. ते पावसात उघड्यावर राहू देऊ नये, कारण त्यातून झिरपणारे पाणी विहिरीपर्यंत पोहोचते.

फोलपटे : गरावरच्या तांबूस सालीत टॅनिन भरपूर असते. चामडे कमावण्याच्या कामी ती उपयोगी पडते. दोन-तीन किलो म्हणून आपण झाडून टाकतो. ५० टन बीमागे मात्र ती एक टनाच्या वर भरते. कोरडी ठेवली तर गिऱ्हाईक मिळते, भिजली तर फक्त खत होते.

बोंडू : बोंडाचे वजन बीच्या पाच ते आठ पट असते आणि बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात. गोव्यात त्याची फेणी होते. आपल्यासाठी ती वाट बंद आहे. दारूसाठी बोंडू पुरविणे हाही त्या धंद्याला हातभार आहे, हे मुसलमान व्यापाऱ्याने विसरू नये. परंतु हलाल वाटाही आहेत. बोंडूच्या रसात संत्र्याच्या रसापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते. घशाला बसणारा तुरटपणा शिजवलेल्या साबुदाण्याची पेज मिसळून आणि निवळ गाळून कमी करता येतो. मग सरबत, सिरप, जॅम करता येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात या विषयावर काम झाले आहे. तेथे जाऊन पद्धत पाहून यावी. खबरदारी एकच : बोंडू काही तासांतच आंबू लागतो. त्याच दिवशी धुऊन रस काढण्याची सोय असेल तरच हे काम हाती घ्यावे, नाहीतर बोंडे गांडूळखताला द्यावीत.

आंब्याचे साल व कोय : आमरसाच्या कारखान्यात साली आणि कोयी यांचा ढीग लागतो. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयींना कोय-कलमे करणाऱ्या रोपवाटिकांकडून मागणी असते. साल जनावरांना किंवा खताला द्यावी. ती पऱ्यात टाकली तर पाणी सडून मासे मरतात.

पाठ तिसरा : तीन पाण्यांचे तीन मार्ग

पाण्याच्या बाबतीत आपली मुख्य चूक ही की, आपण सगळे पाणी एकाच गटारात सोडतो. थोड्या घाण पाण्यामुळे पुष्कळ स्वच्छ पाणी बिघडते आणि मग कशाचाच पुनर्वापर होत नाही. कारखान्यात पाण्याचे तीन भाग करावेत.

पहिले, स्वच्छ पाणी. ड्रायरच्या नळ्यांतून वाफ जाऊन जे गरम पाणी तयार होते ते मालाला लागलेले नसते. ते पुन्हा बॉयलरच्या टाकीत न्यावे. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंश सेल्सिअसने जास्त गरम असेल तर सुमारे एक टक्का जळण वाचते, हा कारखान्यांतला जुना हिशेब आहे. पाणी ३० ऐवजी ६० अंशांवर गेले तर पाच टक्क्यांच्या आसपास बचत होते. मात्र बी ज्या भांड्यात वाफवली जाते त्यातले पाणी बॉयलरमध्ये कधीही घालू नये. त्यात तेल व आम्ल असते आणि बॉयलर खराब होतो.

दुसरे, थोडे वापरलेले पाणी. फळे धुताना तीन टाक्या ओळीने ठेवाव्यात. स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडावे. तेथून ते मधल्या आणि मग पहिल्या टाकीत यावे. फळ पहिल्या टाकीतून शेवटच्या टाकीकडे जाते आणि पाणी उलट दिशेने येते. मातीने भरलेले फळ वापरलेल्या पाण्यात धुतले जाते आणि शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा लागतो. वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा यात पुष्कळ कमी पाणी लागते. पहिल्या टाकीचे पाणी गाळून बागेला किंवा फरशीच्या पहिल्या धुण्याला वापरावे.

तिसरे, घाण पाणी. काजू वाफवल्यानंतरचे काळपट पाणी, साबणाचे आणि तेलकट पाणी वेगळ्या हौदात घ्यावे. तेल वर तरंगते ते काढावे, गाळ बसू द्यावा, आम्लता चुन्याने मारावी आणि पुढची प्रक्रिया जाणकाराच्या सल्ल्याने करावी. हे पाणी शोषखड्ड्यात सोडणे सर्वांत धोक्याचे आहे. जांभा हा छिद्रांचा दगड आहे. आज खड्ड्यात मुरलेले पाणी उद्या कोणाच्या पोहऱ्यात येईल हे सांगता येत नाही.

गळक्या नळाकडे आपण दुर्लक्ष करतो. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला ८६ हजार ४०० थेंब होतात. १५ ते २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोजचे चार ते सहा लिटर, म्हणजे वर्षाचे दीड-दोन हजार लिटर पाणी गेले. वायसर मात्र काही रुपयांत येतो.

आता पावसाचा हिशेब. एक हजार चौरस फूट पत्र्याचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर पावसात त्यावर दोन लाख ७९ हजार लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी सव्वादोन लाख लिटर राहते. सगळे साठविण्याएवढी टाकी बांधणे शक्य नाही. पण पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन पुढचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरविता येते. जांभ्यातून त्यातले पुष्कळ वाहून जाईल, तरी आपण उपसलेल्या पाण्याची थोडी परतफेड होते. काही बंद चिरेखाणींत पावसाचे पाणी दीर्घकाळ टिकते. मालकाची संमती घेऊन आणि भोवती कुंपण घालून तेही वापरात आणता येते.

आणखी एक मार्ग वेळेचा आहे. बी एप्रिल-मेमध्ये घेतली तरी ती तेव्हाच फोडली पाहिजे असे नाही. कडक उन्हात चांगली वाळवून कोरड्या, हवेशीर गोदामात ठेवलेली बी महिनोन्‌महिने टिकते. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने वाफवण्याचे बरेचसे काम पावसाळ्यावर व त्यानंतर ढकलावे. मे महिन्यातले पाणी वाडीला राहील. पावसाळ्यात वाफवताना मात्र गर सुकविण्यासाठी ड्रायर चांगला हवा.

एकाचा कचरा, दुसऱ्याचा माल

मोठे कारखानदार हेच मोठ्या प्रमाणावर करतात. आपल्या राज्यातील साखर कारखाने पाहा. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटविताना निघालेल्या वाफेचे पाणी पुन्हा वापरून चांगले कारखाने बाहेरचे पाणी फारच थोडे घेतात. चोथा बॉयलरमध्ये जळून वीज तयार होते आणि उरलेली वीज विकली जाते. मळीपासून इथेनॉल होते. गाळाच्या पेंडीचे खत शेतात परत जाते.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या बंदराच्या गावी १९७२ पासून असा शेजारधर्म वाढत गेला. वीज केंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना आणि घरांना मिळू लागली. धूर स्वच्छ करताना तयार झालेल्या जिप्समपासून दुसऱ्या कारखान्यात भिंतीचे तक्ते बनू लागले. हे प्रथम कोणी सरकारी हुकुमाने घडविले नाही. शेजारी व्यापाऱ्यांनी आपसात सौदे केले आणि दोघांचाही फायदा झाला. लांज्यातही टरफलाची पेंड बेकरीऐवजी वीटभट्टीला, सुताराचा भुसा कोंबड्यांच्या शेडला आणि शिंप्याच्या चिंध्या गॅरेजला जाऊ शकतात. त्यासाठी कोणाकडे काय उरते याची यादी करायला हवी.

ज्यांनी ऐकले नाही त्यांचे काय झाले?

तामिळनाडूत वाणियंबाडी, आंबूर या भागात चामड्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणात मुसलमानांच्या हाती आहे. कष्टाने उभारलेला हा धंदा परदेशी चलन मिळवीत होता. पण चामडे कमावण्याचे पाणी पालार नदीत आणि शेतांत जात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद निकालात आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी आणि नुकसान झालेला निसर्ग सुधारण्याचा खर्चही सोसावा. प्रत्येक कारखान्याला दहा हजार रुपये दंड झाला, प्रक्रिया न करणाऱ्यांवर बंदीची पाळी आली. हा न्याय तेव्हापासून देशभर लागू आहे.

तिरुप्पूरची गोष्ट त्यानंतरची. नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने खराब झाली म्हणून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून अधिक रंगाई व ब्लीचिंगचे कारखाने बंद झाले. हजारो कामगारांची चूल विझली. पुढे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा उभारून कारखाने सुरू झाले. ही यंत्रणा सांडपाण्यातून पाणी आणि मीठ परत मिळवते. जे आधी केले असते ते अधिक खर्चाने नंतर करावे लागले.

आपल्या जिल्ह्यात लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून दाभोळ खाडीकडे जाते. खाडीकाठचे मच्छीमार मासे मरत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. एकाची रोजी दुसऱ्याच्या रोजीवर पाय देऊन चालत असेल तर तिच्यात बरकत कशी येईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

छोट्या कारागिरांसाठी

महामार्गालगतच्या गॅरेजवाल्या भावांनी इंजिनचे काळे तेल जमिनीवर किंवा गटारात सोडू नये. थोडेसे तेलही हजारो लिटर पाणी नासवते. ते झाकणाच्या पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यास परत द्याव्यात, त्या फोडून आम्ल ओतू नये. गाडी धुण्याच्या जागेला तेल अडविणारा हौद असावा. फॅब्रिकेशनवाल्यांनी पत्रा कापण्यापूर्वी कागदावर मांडणी करावी. लहान तुकडेही आकारवार ठेवावेत. मटणाच्या दुकानदारांनी कातडी मीठ लावून वेळेवर विकावी, रक्त व आतडी उघड्यावर टाकू नयेत.

मशिदींच्या जमातींनीही वुजूचे पाणी वेगळ्या नळीने झाडांकडे वळवावे. जेथे आपण काटकसरीचे शिक्षण देतो तेथेच ती दिसली पाहिजे.

कायद्याची बाजू

पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालू करण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणत्या वर्गात लागते, याची चौकशी करावी.  काजू बी प्रक्रियेसाठी धूर व सांडपाण्याची मानके केंद्राने २०१० मध्ये जाहीर केली आहेत. कागद पूर्ण असलेल्या माणसाला कोणाच्या तक्रारीची भीती राहत नाही.

या आठवड्याचा स्वाध्याय

१. आपल्या कारखान्यात एका दिवसात आलेला माल व निघालेला माल वजन करून लिहा. फरक किती?

२. मोटर किती वेळ चालते आणि टाकी किती वेळा भरते ते सात दिवस लिहा. हाच आपला पाण्याचा ताळेबंद.

३. रात्री सर्व नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने नोंदवा. सकाळी ती उतरली असेल तर गळती आहे.

४. आपले सांडपाणी शेवटी कोठे जाते ते पायी चालत जाऊन पाहा. वाटेत कोणाच्या विहिरी आहेत त्या मोजा.

५. आपल्याकडे उरणाऱ्या तीन वस्तू लिहा आणि पुढच्या जुम्याच्या नमाजनंतर त्या कोणाला लागतात का, हे चार व्यापाऱ्यांना विचारा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आपले पाणी ज्या विहिरीपाशी संपते तिचा मालक मुसलमान असो वा हिंदू, त्याचा आपल्यावर हक्क आहे. नमाज-रोजाच्या त्रुटी अल्लाह आपल्या कृपेने माफ करील, पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावयाचा असतो. नफ्याचा हिशेब मार्चअखेर संपतो, हा हिशेब पुढे चालू राहतो. म्हणून आजच वही उघडा. टरफलाचे वजन, पाण्याची मोजणी आणि शेजाऱ्याचे समाधान या तीन नोंदी ठेवल्या, तर धंद्यात बरकत होईल, इन्शाअल्लाह.